आभाळातली वहिवाट

तालुक्याच्या कोर्टात मी बावीस वर्षे वकिली करतो आहे. माझ्याकडे येणाऱ्या कामांत सगळ्यात जास्त भांडणे रस्त्याची. भावाभावांत वाटणी होते, एकाच्या वाट्याला सडकेलगतचे शेत येते, दुसऱ्याच्या वाट्याला आतले. दोन-चार वर्षे बरी जातात, मग काहीतरी बिनसते आणि सडकेवरचा आतल्याला सांगतो, उद्यापासून माझ्या बांधावरून ट्रॅक्टर आणायचा नाही. केळी कापणीला आलेली, गाडी अडलेली. मग तहसीलदाराकडे अर्ज. जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३, मामलेदार कोर्ट ॲक्ट १९०६ चे कलम ५, स्थळपाहणी, शेजाऱ्यांचे जबाब. या सगळ्या खटाटोपाच्या तळाशी एक समजूत आहे आणि ती कायद्याहून जुनी आहे. आतल्या माणसाला वाट मिळाली पाहिजे, पण ती बांधाच्या कडेने, उभ्या पिकातून नाही. आणि गाडीबैलाने कुणाचे नुकसान झाले तर गाडीवाल्याने ते भरून द्यायचे. याला आम्ही वहिवाट म्हणतो.

२ एप्रिल २०२२ रोजी हाच प्रश्न मला आभाळात दिसला. त्या दिवशी गुढीपाडवा होता, शनिवार. चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आम्ही ओट्यावर बसलो होतो. वायव्येकडून, सातपुड्याच्या माथ्यावरून, जळते गोळे एका ओळीत निघाले. उल्का डोळ्याचे पाते लवते तोवर विझते. हे तसे नव्हते. एकामागे एक, लांब शेपट्या ओढत, ते पूर्वेकडे सरकत राहिले. पोरांनी मोबाइल काढून चित्रीकरण करावे इतका वेळ. शेजारच्या आबांनी विचारले, "हाई काय शे, भाऊ?" मला सांगता आले नाही. माझ्या वडिलांना १९७९ चे स्कायलॅब आठवले. त्या जुलैत अमेरिकेची अवकाश प्रयोगशाळा डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव माणसे धास्तावली होती. ती शेवटी ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात पडली.

त्या रात्री बातमी आली ती चंद्रपूर जिल्ह्यातून. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचे एक मोठे कडे येऊन पडले होते, व्यास सुमारे तीन मीटर. पुढच्या दिवसांत आसपासच्या भागात धातूचे गोळेही सापडले. अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी वेळ आणि मार्ग जुळवून सांगितले की हा चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा, २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या. कुणाला इजा झाली नाही. आमच्या गावापासून लाडबोरी साधारण साडेचारशे किलोमीटर. सेकंदाला सात किलोमीटरहून जास्त वेगाने येणाऱ्या वस्तूला नवापूरपासून रावेरपर्यंतचा अख्खा खानदेश ओलांडायला अर्धे मिनिट पुरते. एक मिनिट आधी ते ओझे खाली आले असते तर कडे यावल-चोपड्याच्या केळीत पडले असते. किंवा पाडव्यासाठी माणसे जमलेल्या एखाद्या अंगणात.

तेव्हापासून मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलो आहे. माझे मत आता पक्के झाले आहे. रॉकेट कुणाच्या डोक्यावरून न्यायचे हे वरवर पाहता गणित ठरवते. प्रत्यक्षात ते गणित मांडताना कुणाची हरकत ऐकू येते आणि कुणाची येत नाही, यावर रेघ कुठे वळणार ते ठरते. आणि या बाबतीत बोलायचा अधिकार आपल्या देशाइतका थोड्यांना आहे, कारण आपण दुसऱ्याचे शेत वाचवायला स्वतः वळसा घेतलेला आहे.

रॉकेटचा मार्ग समजून घ्यायला ज्वारीच्या शेतातली गोफण उपयोगी पडते. मचाणावर उभे राहून गोफण फिरवणाऱ्याला प्रत्येक क्षणी अंदाज असतो की दोरी आत्ता सुटली तर दगड कुठे जाईल. शेजारी बाया निंदायला बसल्या असतील तर तो हात फिरवण्याची दिशाच बदलतो. रॉकेटचेही असेच. इंजिन या क्षणी बंद पडले तर उरलेले धूड जमिनीवर कुठे आदळेल, तो बिंदू नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सतत पुढे सरकत असतो. त्याला आयआयपी, म्हणजे त्या क्षणीचा आघातबिंदू, म्हणतात. सुरुवातीला तो तळाजवळ रेंगाळतो, मग हळूहळू लांब जातो. रॉकेटला कक्षेचा वेग मिळत आला की तो धावत सुटतो, काही सेकंदांत देशच्या देश मागे टाकतो, आणि शेवटी जमिनीवरून नाहीसाच होतो, कारण आता रॉकेट पडणार नसते. म्हणून एखाद्या देशावरून रॉकेट गेले एवढ्याने काही कळत नाही. तो बिंदू त्या देशावर किती वेळ होता आणि त्या वेळी खाली वस्ती किती होती, हे विचारावे लागते. शिवाय रिकामे झालेले खालचे टप्पे तर प्रत्येक उड्डाणात पडतातच. त्यांच्यासाठी मोकळी जागा आधीच राखून ठेवावी लागते, आणि समुद्राएवढी मोकळी जागा जमिनीवर मिळत नाही.

२५ डिसेंबर २०१० रोजी आपले जीएसएलव्ही-एफ०६ उड्डाणानंतर मिनिटभरातच भरकटले. श्रीहरिकोट्याहून नाशाची आज्ञा गेली, रॉकेट फुटले, तुकडे बंगालच्या उपसागरात पडले. देशाचे नुकसान झाले, पण एकाही घराची कौले हलली नाहीत. आता दुसरे चित्र. १९९६ च्या फेब्रुवारीत चीनच्या शिचांग तळावरून उडालेले लाँग मार्च ३बी बावीस सेकंदांत तिरके होऊन जवळच्या डोंगरउतारावर, वस्तीलगत कोसळले. चीनने सहा मृत्यू मान्य केले. शिचांग हे सिचुआन प्रांतातले, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आतले ठिकाण. शीतयुद्धाच्या काळात शत्रूपासून सुरक्षित म्हणून तसे तळ निवडले गेले, आणि त्या निवडीचा धोका तिथल्या खेड्यांच्या माथी आला. आजही त्या तळांवरून उडालेल्या रॉकेटांचे खालचे टप्पे चिनी शेतकऱ्यांच्या शिवारात पडतात. त्यांतल्या काहींतून विषारी इंधनाचा पिवळसर-तांबडा धूर निघतो. हा माझ्या दृष्टीने दुसऱ्या देशावरून जाणाऱ्या मार्गाइतकाच गंभीर प्रकार आहे. स्वतःच्या देशातला शेतकरी परका नसतो, पण त्याच्याकडे हरकत घ्यायला परराष्ट्र खातेही नसते.

श्रीहरिकोट्याचा नकाशा समोर घ्या. पृथ्वीची पाहणी करणारे उपग्रह ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत लागतात, म्हणजे रॉकेट उत्तरेला किंवा दक्षिणेला न्यायला हवे. श्रीहरिकोट्याहून थेट दक्षिणेची रेघ ओढली की ती श्रीलंकेवर पोचते. म्हणून पीएसएलव्ही आधी आग्नेयेला, समुद्रावर निघते आणि पुढे जाऊन दक्षिणेकडे वळते. वेगाने जाणाऱ्या वस्तूला असे वळवायला इंधन लागते. जेवढे इंधन वळणात गेले तेवढा उपग्रह हलका. पीएसएलव्हीसारख्या दणकट रॉकेटला हे परवडले, एसएसएलव्हीसारख्या लहान रॉकेटची मात्र बरीचशी ताकद त्या वळशातच खर्च होते. म्हणून तमिळनाडूत थुतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टिणम येथे नवा तळ उभा राहतो आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. तिथून दक्षिणेला सरळ हिंदी महासागर, श्रीलंका डाव्या हाताला बाजूला राहते. लहान रॉकेट तिथून ध्रुवीय कक्षेत सुमारे ३०० किलो नेऊ शकेल.

माझ्या मते अवकाशाच्या राजकारणात भारताने केलेली ही सगळ्यात सभ्य गोष्ट आहे, आणि तिच्याबद्दल आपण सगळ्यात कमी बोलतो. चंद्रावर उतरलो याचा अभिमान मलाही आहे. पण तीन दशके, उड्डाणामागून उड्डाण, आपण आपला उपग्रह हलका करून शेजाऱ्याचे छप्पर टाळत आलो, यात मला अधिक मोठेपणा वाटतो. श्रीलंका लहान आहे. आपण सरळ गेलो असतो तर तिने कितपत अडवले असते? तरी आपण वळलो. बांधाच्या कडेने गेलो.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. श्रीहरिकोट्याच्या बेटावर तळ होण्याआधी यानादी आदिवासी राहत होते, त्यांना तिथून उठावे लागले. कुलशेखरपट्टिणमलाही दोन हजारांहून जास्त एकर जमीन लागली आहे. ज्यांनी धडगाव-अक्कलकुव्याची गावे सरदार सरोवरात बुडताना पाहिली, मणिबेली पाहिले, ज्यांनी उकाई धरणाचे पाणी गुजरातच्या कालव्यांतून आणि बुडीत आपल्या नवापूर-नंदुरबारच्या अंगाने गेलेले पाहिले, त्यांना हे सांगावे लागत नाही. रॉकेटचा मार्ग जिथे सुरू होतो तिथेही कुणाचे तरी शेत असते.

आपल्याप्रमाणे इतरांनीही वळसे घेतले, पण बहुतेकदा भीतीपोटी. इस्रायलने १९८८ च्या सप्टेंबरात पहिला उपग्रह सोडला तो पश्चिमेला, भूमध्य समुद्रावरून. पूर्वेला सोडावा तर खाली अरब देश. तुकडा पडला तरी युद्धाचे निमित्त आणि रॉकेट क्षेपणास्त्र समजले गेले तरी तेच. पूर्वेला उडणाऱ्याला पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो, श्रीहरिकोट्याच्या अक्षांशावर तो सेकंदाला साधारण ४५० मीटर. पश्चिमेला उडणाऱ्याला तो मिळत नाही, उलट तेवढ्या वेगाविरुद्ध झगडावे लागते. आपल्या गच्चीवरून कधी कधी संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दिसते. त्याची कक्षा विषुववृत्ताला ५१.६ अंशांनी कललेली आहे. हा आकडा कुठून आला? रशियाची माणसे कझाकस्तानातल्या बैकोनूरहून उडतात, ते ४६ अक्षांशाच्या आसपास आहे. तिथून थेट पूर्वेला जाणे सगळ्यात स्वस्त, पण मग टप्पे मंगोलिया-चीनच्या दिशेने पडणार. म्हणून रॉकेट ईशान्येला झुकवायचे. दोन देशांच्या सीमेने अख्ख्या स्थानकाचा कल ठरवला आणि म्हणून ते कधी चोपड्यावरून तर कधी लंडनवरून जाते.

बैकोनूरची गोष्ट मला वकील म्हणून विशेष वाटते. सोव्हिएत संघ मोडला आणि तळ परक्या देशात राहिला. रशिया त्यासाठी कझाकस्तानला वर्षाला ११.५ कोटी डॉलर भाडे देतो, करार २०५० पर्यंतचा आहे. टप्पे पडण्यासाठी गवताळ प्रदेशातली क्षेत्रे ठरवून दिलेली आहेत. २ जुलै २०१३ रोजी प्रोटॉन रॉकेट उडताच उलटे होऊन तळाजवळच कोसळले आणि त्यातले शेकडो टन विषारी इंधन तिथे सांडले, जळले. कझाकस्तानने वेळोवेळी उड्डाणे थांबवली, भरपाई मागितली. ही भाडे ठरलेली, हद्द आखलेली, मोडली तर जाब विचारता येणारी वहिवाट आहे. तिथल्या मेंढपाळांच्या हाती त्या भाड्यातले किती पडते हा प्रश्न उरतोच. पण निदान कागद आहे.

अमेरिकेलाही हा धडा एका गाईने शिकवला. १९६० च्या नोव्हेंबरात फ्लोरिडाहून दक्षिणेला सोडलेले ‘थोर’ नावाचे रॉकेट बिघडले, तुकडे क्यूबात पडले आणि एक गाय मेली. क्यूबाने त्याचे मोठे राजकारण केले, आणि करायलाच हवे होते. ध्रुवीय उड्डाणांसाठी मुख्यतः कॅलिफोर्नियाचा किनारा वापरला गेला. फ्लोरिडाहून तो मार्ग १९६९ नंतर बंद होता, तो २०२० मध्ये पुन्हा उघडला, रॉकेट भरकटले तर स्वतःच स्वतःला नष्ट करणारी यंत्रणा आल्यावर. पुढे २०२५ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या स्टारशिप रॉकेटच्या चाचण्यांत दोनदा, जानेवारीत आणि मार्चमध्ये, कॅरिबियन बेटांवरच्या आकाशात अवशेषांचा पाऊस पडला. टर्क्स आणि कैकोसच्या किनाऱ्यावर तुकडे सापडले, विमाने वळवावी लागली. ती बेटे ब्रिटनच्या ताब्यातली, त्यामुळे ब्रिटनने अमेरिकेकडे मार्ग बदलण्याची मागणी केली. ज्याच्या मागे ब्रिटन नाही त्याने काय करायचे? २०२० च्या मे महिन्यात चीनच्या लाँग मार्च ५बी चा प्रचंड मुख्य टप्पा नियंत्रणाविना खाली आला आणि आयव्हरी कोस्टमधल्या गावांत लांब पाइप पडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच जातीचा टप्पा येणार म्हणून स्पेनने आपल्या आकाशाचा काही भाग चाळीस मिनिटे बंद केला. स्पेनकडे इशारा होता, यंत्रणा होती, आकाश बंद करण्याची ऐपत होती. आयव्हरी कोस्टच्या गावकऱ्यांना पाइप पडल्यावरच कळले.

इथे खानदेशाचा संबंध थेट येतो, आणि तो अक्षांशाचा आहे. शिचांग २८ अक्षांशावर. तिथून भूस्थिर, म्हणजे पृथ्वीबरोबर फिरणाऱ्या, कक्षेसाठी उडालेल्या रॉकेटचा मागे उरलेला टप्पा विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साधारण २८ अंशांच्या पट्ट्यात महिनोन्महिने फिरत राहतो आणि कधीतरी त्याच पट्ट्यात पडतो. बीजिंग या पट्ट्याच्या बाहेर आहे. मॉस्को, न्यूयॉर्क, पॅरिस बाहेर. आम्ही २१ अक्षांशावर, पट्ट्याच्या आत. ढाका, लागोस, जकार्ताही आत. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये याचे गणित मांडले. रॉकेटचे टप्पे आजच्यासारखेच वाऱ्यावर सोडले गेले तर ढाका, जकार्ता, लागोस यांच्या अक्षांशांवर ते पडण्याची शक्यता न्यूयॉर्क, बीजिंग, मॉस्कोच्या तुलनेत किमान तिप्पट आहे. उडवणारे वरच्या अक्षांशावर, झेलणारे खालच्या. यात कुणाचा दुष्ट बेत आहे असे मी म्हणत नाही. पण टप्प्यात थोडे इंधन राखून, इंजिन पुन्हा पेटवून तो निर्मनुष्य समुद्रात पाडता येतो, हे तंत्र सगळ्या मोठ्या देशांकडे आहे. ते इंधन राखले की उपग्रह थोडा हलका होतो. ती थोडी बचत करायची आणि धोका लाडबोरीवर ठेवायचा, ही निवड कुणीतरी बसून केलेली असते.

यावर मला दिले जाणारे पहिले उत्तर असते की धोका फार लहान आहे. ते खरे आहे आणि मी ते लपवणार नाही. रॉकेटच्या तुकड्याने माणूस दगावण्याची शक्यता आमच्या भागात वीज पडून किंवा सर्पदंशाने मरण्याच्या तुलनेत नगण्य आहे. अमेरिकेचा दंडक असा आहे की एखादा टप्पा परत येताना जगात कुठेही कुणाला इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकपेक्षा जास्त नसावी. पण हा हिशेब एका वस्तूचा. २०२४ या एका वर्षात जगात २५० हून जास्त कक्षीय उड्डाणे झाली, आणि संख्या वाढतेच आहे. त्याच संशोधकांच्या मते आजचीच पद्धत राहिली तर दहा वर्षांत कुठेतरी कुणाला तरी इजा होण्याची किंवा कुणाचा जीव जाण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या घरात जाते. आणि धोका लहान आहे हे ठरवणारा कोण? माझ्या अशिलाच्या बांधावरून कुणी वर्षातून एकदाच ट्रॅक्टर नेला, पिकाच्या दोनच ओळी मोडल्या, तरी तो मला विचारतो, "मला विचारलं का?" नुकसान किती हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न हाच असतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. विमान परक्या देशावरून न्यायचे तर परवानगी लागते. १९४४ च्या शिकागो करारापासून आपल्या भूमीवरचे आकाश आपले, हे सगळ्यांनी मान्य केले आहे. अवकाश मात्र १९६७ च्या करारानुसार कुणाचेच नाही, तिथून जायला सगळे मोकळे. आकाश कुठे संपते आणि अवकाश कुठे सुरू होते याची रेघ कोणत्याही करारात ओढलेली नाही. शंभर किलोमीटर हा आकडा सोयीने वापरला जातो, पण त्याला कराराचा आधार नाही. म्हणजे मोजणीच झालेली नाही, हद्दीचा दगडच रोवलेला नाही, आणि तरी दोन्हीकडचे आपापला सातबारा घेऊन उभे आहेत.

नुकसानीबाबत मात्र १९७२ चा दायित्व करार स्पष्ट आहे. अवकाशातून आलेल्या वस्तूने जमिनीवर किंवा उडत्या विमानाला हानी केली तर उडवणारा देश चूक असो वा नसो जबाबदार. भारत आणि चीन दोघेही या करारात आहेत. पण दावा देशाने देशावर करायचा. शेतकऱ्याला या करारात जागा नाही. त्याच्या वतीने दिल्लीने बीजिंगकडे मागायचे. १९७८ च्या जानेवारीत अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या उत्तर भागात पडला. कॅनडाने साठ लाख कॅनडियन डॉलर मागितले, १९८१ मध्ये तीस लाखांवर तडजोड झाली. अर्ध्यावर. आणि कॅनडा हा मागण्याची ताकद असलेला देश. आणखी एक बाब आमच्या माणसांना कळली पाहिजे: शेतात पडलेले कडे शेतकऱ्याचे होत नाही. ते उडवणाऱ्या देशाच्याच मालकीचे राहते, त्याने मागितले तर परत द्यावे लागते. भंगारवाल्याला विकून चालत नाही. आणि इंधनाचा अंश उरला असेल तर ते हाताळणे जिवावर बेतू शकते.

सगळ्यात मोठे भगदाड घरातच आहे. दायित्व करार उडवणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना लागू होत नाही. म्हणजे चिनी टप्पा माझ्या केळीत पडला तर निदान करार आहे. भारतीय रॉकेटचा पडला तर तोही नाही. आजवर याने फरक पडत नव्हता, कारण उडवणारे सरकारच होते आणि खाली समुद्र होता. आता खासगी कंपन्या उतरल्या आहेत, त्यांची पहिली उड्डाणे नोव्हेंबर २०२२ आणि मे २०२४ मध्ये होऊनही गेली. २०२३ चे अवकाश धोरण आहे, परवानगी देणारी इन-स्पेस ही संस्था आहे. अवकाश व्यवहार विधेयकाचा मसुदा २०१७ मध्ये आला होता, त्याचा कायदा झाला नाही. धोरणाच्या आधारे कोर्टात भरपाई मागता येत नाही, हे मी धंद्याच्या अनुभवावरून सांगतो.

आमच्या तलाठ्याला मी विचारले, उद्या असे काही शिवारात पडले तर पंचनामा कशात करशील? त्याने प्रामाणिकपणे सांगितले, गारपिटीचा नमुना आहे, वीज पडल्याचा आहे, याचा नाही. केंद्राच्या आपत्ती मदतीच्या यादीत दुष्काळ आहे, पूर आहे, गारपीट आहे, अगदी टोळधाडीसारखे कीडहल्ले आहेत. आभाळातून पडणारे यंत्र नाही. केळीच्या फळपीक विम्यात वारा आणि तापमान मोजतात, धातू मोजत नाहीत.

सूचनेचेही तसेच आहे. उड्डाणाआधी वैमानिकांना आणि जहाजांना इशारे जातात, आपली इस्रो ते नियमाने देते. २००५ पासून भारत आणि पाकिस्तान, एरवी बोलणे बंद असले तरी, बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीआधी एकमेकांना कळवतात. २०१६ मध्ये भारत बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या प्रसाराविरुद्धच्या हेग आचारसंहितेत सामील झाला, तिच्यात अवकाश रॉकेटांचीही आगाऊ माहिती द्यायची असते. चीन त्यात नाही. पण सूचना दिली म्हणजे पोचली असे होत नाही. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेहून एक संशोधनाचे रॉकेट उडाले. नॉर्वेने रशियाला आधी कळवले होते. ते पत्र रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत गेलेच नव्हते. त्यांना ते क्षेपणास्त्र वाटले आणि राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. जगातल्या एवढ्या मोठ्या यंत्रणेत कागद मधल्या टेबलावर अडकला. मग दिल्लीला मिळालेला इशारा चोपड्याच्या ग्रामपंचायतीपर्यंत आपोआप येईल, असे मी कसे मानू?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. आपण कडक नियम मागितले तर ते आपल्यालाही बांधतील, आपली रॉकेटे महाग होतील, असे काही जाणकार म्हणतात. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्रीन हेड किनाऱ्यावर एक मोठा पिंप वाहत आला. ऑस्ट्रेलियाच्या अवकाश संस्थेने तो बहुधा आपल्या पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा असल्याचे सांगितले. म्हणजे आपलेही ओझे दुसऱ्याच्या अंगणात जाते. मला वाटते म्हणूनच नियम मागणे आपल्याला शोभते. २०३० पर्यंत कचरा मागे न सोडणारी उड्डाणे करू, असे इस्रोने २०२४ मध्ये जाहीर केले आहे. जो स्वतः वळतो आणि स्वतःवर बंधन घालतो, त्याने संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीत उभे राहून नियंत्रणाविना टप्पे पाडणे बंद करा असे म्हटले, तर ढाका आणि लागोस त्याच्या मागे उभे राहतील. एकटा श्रीमंत देश हे बोलला तर त्यात व्यापार दिसेल. आपण बोललो तर त्यामागे श्रीलंकेभोवतीची तीस वर्षांची वळणे असतील.

मी एक मसुदा केला आहे, तीन कलमांचा, आणि तो आमच्या खासदारांकडे पाठवतो आहे. एक कलम उड्डाण आणि पुनरागमनाच्या इशाऱ्यांचे: ते जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, मराठीत, मार्गाखालच्या तालुक्यांपर्यंत आले पाहिजेत, आणि काय करू नये हे त्यांत लिहिलेले असले पाहिजे. एक कलम भरपाईचे: वस्तू कुणाचीही असो, देशी कंपनीची वा परक्या सरकारची, चूक सिद्ध करायला न लावता जिल्हाधिकाऱ्यांनी आधी शेतकऱ्याला द्यावे आणि मग सरकारने ते उडवणाऱ्याकडून वसूल करावे. बीजिंगशी पत्रव्यवहार किती वर्षे चालेल याची वाट शेतकऱ्याने पाहू नये. उरलेले कलम पंचनाम्याच्या नमुन्याचे आहे, आणि मित्रांनी विचारले की एवढी क्षुल्लक बाब पहिल्या क्रमांकावर का. दायित्व करारात दावा सांगायची मुदत नुकसान झाल्यापासून, किंवा जबाबदार देश कोण ते कळल्यापासून, एक वर्ष आहे. लाडबोरीच्या त्या कड्याने एखादे घर मोडले असते, तर उडवणारा देश कोण याचा अंदाज काही दिवसांत आलेलाच होता. म्हणजे एका पाडव्याला पडलेले दुसऱ्या पाडव्याच्या आसपास कागदावर आले नसते, तर दावा गेला असता.